सतरा मेला आधी कोण थांबलं

१ मे, सकाळी

आजपासून राग बंद. पंचशील रोज म्हणतो. त्यात पहिलंच शील हिंसा न करण्याचं. इतकी वर्षं पाठ म्हणून झालं, आता ते वापरायला काढावं म्हटलं. बायकोला, येसूबाईला सांगितलं. ती म्हणाली, फार छान, मग परवा मोडलीत त्या खुर्चीचा पाय आधी बसवून द्या. खुर्ची मी मोडलेली नाही. मी ती उचलून आपटली एवढंच. मोडली ती स्वतःच्या कुजक्या लाकडाने.

दुसरा संकल्प इतिहासाचा. पुतण्या विपुल याने मोबाईलवर दाखवलं की जगात लोक रोज लिहितात, आजच्या तारखेला संगीतात काय घडलं. अमका गायक जन्मला, अमकी रेकॉर्ड निघाली, अमक्याने स्टेजवर गिटार फोडली. सगळं विलायतेचं, नाहीतर मुंबईचं. आमच्या महाड-पोलादपूरचं एक अक्षर नाही. म्हणजे आमच्या लोकांनी काय तोंडात मिठाची गुळणी धरून लग्नं लावली? हा इतिहास मी लिहिणार. शाळा सातवीपर्यंत. पण बँजो मी कोणाकडे शिकायला गेलो नव्हतो. इतिहासही तसाच हाताला येईल.

जागा: तुडीलच्या एसटी थांब्यावरचा काळा फळा. त्यावर गेल्या वर्षीची पोलिओची सूचना आहे. ती पुसली.

२ मे

इतिहासाला एक तारीख लागते. मी १७ मे घेतली. त्या दिवसाइतकं आपल्या दोन तालुक्यांच्या संगीतात कधीच घडलेलं नाही. फळ्यावर लिहिलं:

१७ मे १९५८. वाडीत पहिला कर्णा आला. आंब्यावर बांधला. शेजारच्या आवाठातून, म्हणजे आळीतून, दगड आला. कर्ण्याला पोचा, बांधणाऱ्याचा पाय मोडला. ध्वनिक्षेपणाचा प्रारंभ.

१७ मे १९६९. गायन पार्ट्यांचा सामना. सवालाला जवाब सुचेना म्हणून एका बाजूने दुसऱ्या बाजूची पेटी सावित्रीत टाकली, पेटीवाल्यासकट. पेटीवाला निघाला.

१७ मे २०११. विपुलचा पहिला डीजे. तीन घरांच्या काचा गेल्या. एका घरमालकाने विपुलचा कान चावला.

तारखा शंभर टक्के पक्क्या नाहीत. पण मे महिना होता, आंबे होते, लग्नसराई होती. सतरा धरली. इतिहासाला थोडी इस्त्री लागतेच.

मुख्य घटना मात्र १९८४ ची. ती उद्या.

३ मे

१७ मे १९८४. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं वळण. आमच्याकडे नियम असा की दोन वराती एका अरुंद रस्त्यावर समोरासमोर आल्या तर वाजंत्र्यांनी थांबायचं नाही. जो आधी थांबला, त्याच्या वरातीने रस्ता सोडायचा आणि त्या नवऱ्याने सासुरवाडीत वर्षभर मान खाली घालायची. एका बाजूने माझी नवतरुण बँजो पार्टी, तुडील. दुसऱ्या बाजूने महादूचा ब्रास बँड, पोलादपूर. महादू ट्रंपेट वाजवायचा. महादू म्हणजे माझा साडू. येसूबाईची धाकटी बहीण तानूबाई त्याला दिलेली.

वाजवता वाजवता ढकलाढकली झाली, मग मारामारी झाली, आणि त्यात कोणीतरी माझ्या बँजोचा आवाज वाढवणाऱ्या मशीनची बॅटरी हातगाडीवरून ओढून नाल्यात फेकली. महादू म्हणतो, बँजो थांबला, बँड जिंकला. साफ खोटं. मी थांबलो नव्हतो. मी वाजवतच होतो. बॅटरी नसल्यामुळे ऐकू येत नव्हतं एवढंच. उलट महादू दर ओळीला श्वास घ्यायला थांबत होता. तारेला श्वास लागत नाही. हे त्याला तेव्हाच समजावून सांगितलं. त्यात त्याचे पुढचे दोन दात गेले.

तेव्हापासून आमचं जाणंयेणं बंद. भांडण नाही. तत्त्व.

दुपारी येसूबाईने विषय काढला. तानूचं १९ तारखेला मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, डोळ्यात दर थोड्या वेळाने थेंब घालायला लागतात, घरात दुसरी बाई नाही, मी आठवडाभर जाऊन राहते. मी म्हटलं, जाशील, मानाने जाशील. महादूला १७ तारखेला चारचौघांत कबूल करू दे की तो आधी थांबला, मग माझ्या घरची बाई त्याच्या घरची पायरी चढेल. ती म्हणाली, आणि नाही केलं कबूल तर तिच्या डोळ्यात थेंब कोण घालणार, तुमचं तत्त्व? मी शांतपणे उठून गेलो. जाताना दार लागलं. वरची बिजागरी सुटली.

५ मे

विपुलकडे गेलो. म्हटलं, १७ तारखेला त्याच वळणावर ऐतिहासिक सामना पुन्हा करायचा, बँजो विरुद्ध ट्रंपेट, साऊंड तुझा. तो अंगणात नवे स्पीकर टेस्ट करत होता. म्हणाला, नाना, बँजो आता कोण ऐकतं, तुमचा टाइम गेला, तुम्ही आशीर्वाद द्यायला या, मी एक मस्त रिमिक्स लावतो. मी म्हटलं, ज्या बँजोच्या कमाईवर तुझ्या बापाचं लग्न लागलं त्याला तू टाइम गेला म्हणतोस? तो म्हणाला, त्याच लग्नात तुम्ही आचाऱ्याला झाऱ्याने मारलेलं, बाबा अजून सांगतात.

यावर मी फक्त काठीने स्पीकरकडे बोट दाखवलं. काठी जाळीतून आत गेली ती निघेना. मी इकडून ओढतोय, तो तिकडून. दोघं पडलो. त्याचं कोपर सोललं, माझा गुडघा. याला मारामारी म्हणत नाहीत. याला ओढाताण म्हणतात.

शेवटी तयार झाला. आपलं रक्त आहे.

७ मे

साक्षीदार पाहिजे. १९८४ च्या माझ्या वरातीचा नवरा पांडू अजून हयात आहे, घाटाच्या पायथ्याला वाडीवर असतो. एसटीने पोलादपूर, पुढे रिक्षा. पांडू अंगणात नाचणी पाखडत होता. कपाळावर व्रण अजून आहे. त्या दिवशी माझ्या पार्टीतल्या चांगूच्या हातून झांज सुटून त्याला लागली होती. चांगू आता नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने मलाच बोलायला लागलं. सुटली म्हटल्यावर पांडू तडकला. म्हणाला, सुटली? अरे फेकली! अशी फेकली! आणि कशी ते दाखवायला त्याने हातातलं सूप फेकलं. माझ्या कानाला लागलं. मी म्हटलं, अशी नाही, अशी. आणि सूप परत केलं. दोन-तीनदा इकडून तिकडे झालं. नाचणी सगळ्या अंगणभर.

तेवढ्यात त्याची बायको चंद्राबाई बाहेर आली. म्हणाली, मेल्यांनो, माझ्या न्हवऱ्याचं डोस्कं फोडलंव तवा, नि आता साक्ष काढायला आलाव? मी हात जोडून विचारलं, वहिनी, तुम्ही नवरी होतात, शुद्धीवर होतात, आधी कोण थांबलं सांगा. ती म्हणाली, मला काय ठावं, माझं ध्यान तुमच्या पिपाण्यांकडं नव्हतं, माझा न्हवरा रस्त्यावर आडवा पडला होता. आनि सतरा मे कुठला आनलाव? आमचं लगीन अक्षयतृतीयेला लागलं, पायजे तर पत्रिका दाखवते.

शेतकरी माणसं तिथी धरतात, तिथी दर वर्षी हलते. हे मी तिला समजावणार होतो, पण तिच्या हातात कोयता होता आणि ती फणस फोडायला निघाली होती. तरी पांडू पंच व्हायला कबूल झाला. त्याने अट घातली, डोक्याला हेल्मेट पाहिजे.

९ मे, संध्याकाळी

समाजमंदिरात मीटिंग. वीस-पंचवीस जण. मी इतिहास वाचून दाखवला. मग गणू उठला. गणू म्हणजे कमिटीचा सेक्रेटरी, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडणारा. म्हणाला, भिकानाना, यात गाणं कुठे आहे? नुसती डोकी आहेत. कोणतं गाणं वाजत होतं, कोणी चाल लावली, लोकांनी काय गुणगुणलं, काहीच नाही. हा संगीताचा इतिहास आहे की दवाखान्याचा?

लोक हसले. मला राग आला नाही. मी त्याला प्रेमाने म्हटलं की ज्याला कला कळत नाही त्याने सतरंज्या उचलाव्यात. तो म्हणाला, उचलतो, तुम्ही उठा म्हणजे तुमच्या खालची उचलतो. आणि खरोखर ओढली. मी त्यावर उभा होतो.

पुढचं नीट आठवत नाही. प्लास्टिकच्या खुर्च्यांचा एक गुण चांगला, लागतात कमी आणि आवाज मोठा होतो. गणूला ओठावर सूज आहे असं येसूबाई म्हणते. मी तेल पाठवलं. त्याने बाटली परत पाठवली, रिकामी करून. म्हणजे लावलं असेल. मनाने वाईट नाही.

सतरा तारखेच्या सामन्याचा ठराव मंजूर धरला. हात वर होते सगळ्यांचे.

११ मे

महादूला फोन केला. म्हणजे येसूबाईला करायला लावला. तानूबाईने उचलला. दोघी बहिणी इतकं भराभर बोलायला लागल्या की वाटलं काल राहिलेलं बोलणं पुढे चालू आहे. येसूबाई दर मंगळवारी महाडला बाजाराला जाते, चांगले तीन तास लागतात, आणि पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी. वय झालं, दुकानं विसरते बिचारी. चाळीस वर्षं बहिणीला भेटलेली नाही, तरी आवाज ओळखला. रक्ताचं नातं.

मग महादू फोनवर. इतक्या वर्षांनी आवाज ऐकला. मी म्हटलं, जयभीम, कसा आहेस. तो म्हणाला, जयभीम, कोण थांबलेला ते मान्य कर, मग सांगतो कसा आहे. मी म्हटलं, सतरा तारखेला वळणावर ये ट्रंपेट घेऊन. तो म्हणाला, येतो, पण बॅटरी दोन आण, तुझी एक नाल्यात जाते.

फोन येसूबाईचा होता. भिंतीवर आपटल्यावर माझ्या लक्षात आलं. काच गेली, पण रिंग वाजते.

येसूबाईने ट्रंक काढली आणि दोन लुगडी घड्या घालून त्यात ठेवली. मी विचारलं, हे काय. म्हणाली, एकोणीस तारखेची तयारी, कोणी थांबो न थांबो.

म्हणजे तिला माझ्या विजयाची खात्री आहे.

१३ मे

सराव. बँजो माळ्यावरून काढला. दोन तारा गंजलेल्या, एक बटण आत गेलेलं ते वर येत नाही. बाकी जसा होता तसा. माझी बोटंसुद्धा जशी होती तशी, फक्त जरा उशिरा पोहोचतात.

शेजाऱ्याशी भांडणाचा प्रसंग. मालोजी शेजारी, तीन पिढ्यांचं घर शेजारी, कधी शब्दाने शब्द नाही. आज म्हणाला, नाना, दुपारी झोपायची वेळ आहे, हे काय पत्रे कापायचं काम काढलंय? मी वाजवणं चालू ठेवलं, कारण सरावच न थांबण्याचा होता. त्याने कौलावर दगड टाकला. मी न थांबता पायाने बादली ढकलली, ती त्याच्या कोंबड्यांवर गेली. त्याने कुंपणावरून हात घालून माझी पगडी, म्हणजे टॉवेल ओढला. मी तरी वाजवतोय. मग त्याने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि मी तरी वाजवतोय.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीची सिद्धता झाली. हा माणूस थांबत नाही.

फक्त नंतर, मालोजी घरात गेल्यावर, बँजो खाली ठेवून मी त्याच्या दाराला दोन लाथा घातल्या. सराव संपला होता तेव्हा.

१५ मे

आज पुन्हा एकदा राग बंद. पहिल्या तारखेच्या संकल्पात थोडी ढिलाई आली होती हे मान्य. चूक माझी नव्हती, माणसं तशी भेटली. पण उगीच कोणी म्हणायला नको.

पुण्यात शिकवणाऱ्या निशाचा, माझ्या मुलीचा, फोन आला. आई रडत होती म्हणाली. मी म्हटलं, आनंदाने असेल, बहीण भेटणार आहे. ती म्हणाली, बाबा, एक काम करा ना, महादूकाकांना सांगा, तू जिंकलास, विषय संपवा, काय जातं तुमचं? मी म्हटलं, इतिहास जातो. ती म्हणाली, कोणाच्या लक्षात आहे तो? मी म्हटलं, माझ्या. ती म्हणाली, आणि आईच्या लक्षात काय काय आहे ते कधी विचारलंत?

शिक्षिका आहे. प्रश्न विचारायची सवय.

येसूबाईला विचारायला स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, काय गो, चौऱ्याऐंशी साली आधी कोण थांबलं असं तुला वाटतं? तिने परातीतलं पीठ असं आपटलं की माझ्या चष्म्यावर उडालं. इतका जोर बाईमाणसाच्या हातात.

१६ मे

बॅटऱ्या दोन आणल्या. विपुलचा टेम्पो ठरला. पांडूला हेल्मेट दिलं. सामन्यानंतर बोलायचं भाषण तयार केलं:

"महादू, तू आधी थांबलास, पण मी ते मनावर घेत नाही. ये, मिठी मार."

आरशासमोर म्हणून पाहिलं. डोळ्यात पाणी आलं. त्याच्याही येईल.

१७ मे, सकाळी

आंघोळ करून बुद्धवंदना. मन शांत, तळ्यासारखं. येसूबाईने पांढरी साडी नेसली आहे आणि ट्रंक टेम्पोत ठेवली आहे. म्हणाली, सामना झाला की मी तिकडूनच तानूकडे जाणार. बरोबर. मानाने.

निशा रडण्याचं बोलली होती, म्हणून तिला कुठे काही दुखतंय का विचारलं. म्हणाली, नाय.

निघतो.

१७ मे, दुपारी, सरकारी दवाखाना

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाईट येतंय.

झालं ते असं. वळणावर पन्नास-साठ माणसं. रस्त्याच्या एका टोकाला मी, एका टोकाला महादू. तो म्हातारा झालाय. सदरा हातभर सैल. बायका नाल्याच्या कडेला दगडावर बसल्या, येसूबाई आणि तानूबाई, शेजारी शेजारी. तानूबाईने येसूबाईचा हात धरला होता, तिला आता नीट दिसत नाही. मध्ये पांडू हेल्मेट घालून. त्याच्या मागे चंद्राबाई, हातात काठी. तिने जाहीर केलं, ह्याच्या डोक्याला कोणी हात लावला तर मी कोण जिंकलं कोण हरलं बघनार नाय.

पांडूने शिट्टी मारली. दोघं वाजवत एकमेकांकडे निघालो.

महादू वाजवतो अजून. खोटं कशाला लिहू. पहिल्या दोन ओळींत अंगावर काटा आला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मग घाटातून महाबळेश्वरच्या गाड्या उतरल्या आणि अडकल्या. पन्नास हॉर्न. आम्ही कोणीच थांबलो नाही. अगदी समोरासमोर, हातभर अंतर राहिलं. महादूने मोठा श्वास घेतला, जोरात फुंकलं, आणि त्याची कवळी ट्रंपेटच्या तोंडाला चिकटून बाहेर आली आणि रस्त्यावर पडली.

आवाज बंद. नुसती हवा. फूस फूस.

मी म्हटलं, थांबलास! तो मान हलवत फुंकतच होता. मग बोळक्याने म्हणाला, थांबलो नाय, वाजवतोय, तुला ऐकू येत नाय एवढंच.

इतका निर्लज्ज युक्तिवाद मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी त्याला हाताने समजावलं. हातात बँजो होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. बँजो त्याच्या बोटांवर बसला, बोटं ट्रंपेटवर होती. त्याने ट्रंपेट माझ्या खांद्यावर घातली. खांद्यातून असा आवाज आला की मला वाटलं तार तुटली. पांडू सोडवायला मध्ये आला. कोणाचा तरी हात लागून हेल्मेट उडालं आणि लगेच दुसऱ्या कोणाचं तरी काहीतरी त्याच्या कपाळावर बसलं. या वेळी उजव्या बाजूला. चंद्राबाईने शब्द पाळला. तिने आम्हा दोघांना काठीने असं झोडपलं की नाचणीसुद्धा कोणी इतकी झोडपत नसेल. गणू मला वाचवायला आला असं वाटलं, पण तो त्या दिवशीची सतरंजी घेऊन आला होता. माझ्या डोक्यावर टाकली आणि वरून मारलं. विपुल त्याच्यावर धावला. मालोजी विपुलवर. मालोजी इतक्या लांब तुडीलहून का आला होता ते मला कळलं नाही, तिकीट काढून आला होता म्हणे. पर्यटकांच्या गाडीतला एक जाड माणूस काही संबंध नसताना उतरला आणि चौघांना मारून परत जाऊन बसला.

सतरंजीतून बाहेर डोकं काढलं तेव्हा महादू रस्त्यात बसला होता, सुजलेली बोटं दुसऱ्या हातात धरून. तानूबाई दगडावरून ओरडत होती, कोणाला लागलंय, कोणाला लागलंय, मला दिसत नाय गो. आणि येसूबाई तिला सांगत होती, दोघांनाही, बस तू, दोघांनाही.

डॉक्टर म्हणतात खांद्याचं हाड सरकलंय. महादूची दोन बोटं मोडली. पांडूला सहा टाके. तो शेजारच्या कॉटवर आहे, माझ्याकडे बघत नाही.

बँजो कुठे आहे माहीत नाही.

भाषण राहिलं.

१८ मे, संध्याकाळी

पोलीस स्टेशन. सारिकाताई म्हणून पोलीस आहेत, नातीच्या वयाच्या. म्हणाल्या, आजोबा, पहिला फटका कोणी मारला? मी म्हटलं, मी. महादू लगेच उठला, म्हणाला, खोटं बोलतोय, पयला माझा. मी म्हटलं, तुझी कवळी पडली होती, तू कुठला मारतोस. तो म्हणाला, त्याच्या आधी मी तुला कोपर मारलं होतं, तुझ्या लक्षात नाय. मी म्हटलं, ताई, लिहून घ्या, पहिला माझा. त्या आमच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, पहिला फटका ज्याचा, त्याच्यावर केस, हे कळतंय का तुम्हाला? आम्ही दोघं म्हणालो, कळतंय, माझाच.

मग बाहेरून येसूबाई आत आली. मागे तानूबाई, तिच्या खांद्यावर हात ठेवून. येसूबाई म्हणाली, ताई, उद्या सकाळी हिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आम्हाला वेळ नाय, यांच्यावर केस झाली तर चकरा मी मारायच्या की हिच्या डोळ्यात थेंब घालायचे? मिटवा. सारिकाताई म्हणाल्या, मिटवायचं तर दोघांनी लिहून द्यायला लागेल. त्यांनीच लिहिलं आणि वाचून दाखवलं:

"दिनांक १७ मे रोजी आंबेनळीच्या पायथ्याशी कोणतीही घटना घडली नाही. कोणीही कोणास मारले नाही. कोणतेही वाद्य वाजले नाही."

मी म्हटलं, ताई, पहिल्या दोन ओळी ठीक, पण तिसरी काढा. त्या म्हणाल्या, लाऊडस्पीकरची परवानगी नव्हती, वाजलं म्हणून लिहिलं तर तो वेगळा गुन्हा. मी म्हटलं, मग दुसरी काढा, मारलं म्हणून लिहा, पण वाजलं नाही असं लिहू नका. मी फळ्यावर लिहिलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्यात. महादूही म्हणाला, हां, तिसरी काढा. एवढं एकमत आमचं त्याच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा झालं नव्हतं.

येसूबाई म्हणाली, सही करा, रिक्षावाला थांबलाय.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे नव्हती बघत. तानूबाईच्या तोंडावरचा पदर नीट करत होती.

सही केली, डाव्या हाताने. महादूच्या बोटांना प्लास्टर, त्याला पेन धरता येईना. सारिकाताईंनी शाईचा डबा पुढे केला. मी त्याचा अंगठा धरून शाईत टेकवला आणि कागदावर दाबला. हात गार पडला होता. म्हटलं, दुखतंय का रे? म्हणाला, नाय.

आम्ही बाहेर आलो तेव्हा दोघींना घेऊन रिक्षा निघाली होती. ट्रंकेसकट. दोघी मागे वळून बघतील म्हणून आम्ही जरा वेळ तसेच उभे राहिलो.